'पाहायला मिळाले': कर्करोगातून वाचलेल्या मातापित्यांच्या बोलण्यातील एक रचना

कर्करोगावरील उपचार पुरे होऊन काही वर्षे लोटली आहेत, अशा मातापित्यांच्या बोलण्यात एक विशिष्ट रचना पुनःपुन्हा कानी पडते. 'थोरल्याची मुंज पाहायला मिळाली', 'धाकटीची दहावी पाहायला मिळाली', 'नातवाचे बारसे माझ्या हातून घडले', अशी ही वाक्ये होत. ती कोणा एका व्यक्तीची नव्हेत. घरोघरी व रुग्णालयांच्या प्रतीक्षागृहांत ऐकू येणाऱ्या बोलण्याचे ते नमुने आहेत. वरवर पाहता त्यांत विशेष काही नाही. परंतु याच माणसांविषयी वृत्तपत्रे व सत्कारसमारंभांतील वक्ते जे बोलतात, ते शेजारी ठेवून पाहिले म्हणजे दोहोंतील अंतर लक्षात येते. तेथे वाक्य असते 'तिने कर्करोगावर मात केली'. हे दोन प्रकार केवळ शैलीचे नव्हेत. त्यांच्यामागे दोन निरनिराळी व्याकरणे आहेत, आणि त्यांपैकी कोणते स्वीकारावे हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'वाचणे' या क्रियापदाचा विचार करू. मराठीत 'वाचणे' दोन आहेत: एक पुस्तक वाचण्याचे, दुसरे संकटातून वाचण्याचे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशाच्या काळी दुसऱ्या शब्दाच्या डोक्यावर अनुस्वार असे, 'वांचणें'. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि कागदावर दोन्ही शब्द एकरूप झाले. हे जाता जाता. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, जगण्याच्या अर्थाचे 'वाचणे' भूतकाळात वापरले की संकट संपलेले असावे लागते. पुरातून माणूस 'वाचला' असे आपण तो काठाला लागल्यावर म्हणतो. तो पाण्यात असताना म्हणत नाही.

इंग्रजी 'सर्व्हायव्हर' या शब्दाची आजची वैद्यकीय व्याप्ती नेमकी याच्या उलट आहे. फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरास स्वतःलाच तरुणपणी कर्करोग झाला होता. १९८५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्याने असे मांडले की, 'बरा झाला' आणि 'बरा झाला नाही' अशी दोनच खणांची विभागणी रुग्णाच्या अनुभवास पुरी पडत नाही. निदानाच्या दिवसापासूनच माणूस तगून राहण्याच्या एका दीर्घ कालखंडात प्रवेश करतो आणि त्या कालखंडालाही ऋतू असतात. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, अमेरिकेत स्थापन झालेल्या एका राष्ट्रीय संघटनेने निदानापासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत हा शब्द लागू करावा अशी भूमिका घेतली. मराठीत या अर्थाचा रुळलेला शब्द अद्याप नाही. 'कर्करोगमुक्त' म्हणावे तर रोग परतण्याची शक्यता नाकारल्यासारखे होते. 'कर्करोगविजेता' म्हणावे तर सामना झाला असे मानावे लागते. 'वाचलेला' या शब्दाची अडचण वर सांगितलीच. बोलीत 'तगणे' आणि 'निभावणे' ही क्रियापदे मलनच्या अर्थाच्या बरीच जवळ जातात, पण अहवालांत त्यांना अजून जागा मिळालेली नाही. प्रस्तुत लेखाच्या शीर्षकात 'वाचलेल्या' हाच शब्द ठेवला आहे तो दुसरा नसल्यामुळे.

आता अपत्यांच्या आयुष्यातील प्रसंगांकडे वळू. आजकाल यांना 'मैलाचे दगड' म्हणतात. हा शब्दप्रयोग इंग्रजीवरून बेतलेला आहे आणि त्यात रस्त्यावरून एकटे चालणारे मूल कल्पिलेले आहे. मराठीची जुनी पद्धत वेगळी होती. बारसे, उष्टावण, जावळ, मुंज, शाळेत घालणे, नोकरीस लावणे, लग्न, डोहाळजेवण, अशी ही मालिका. तिच्यातील बहुतेक प्रसंग ज्या क्रियापदांनी सांगितले जातात त्यांचे कर्तृत्व आईबापांकडे असते. बारसे 'करतात', मुलास शाळेत 'घालतात', मुलीचे हात 'पिवळे करतात', मुली 'उजवतात', मुलगा 'मार्गी लावतात'. मूल येथे चालत नाही; त्याला नेले जाते. निरोगी मातापित्यांच्या बोलण्यात हे प्रसंग म्हणजे जबाबदाऱ्या असतात आणि जबाबदारीचे व्याकरण नेहमी कर्त्याचे असते.

दुखण्यानंतर हे क्रियापद बदलते. 'केली', 'उजवली', 'लावला' यांच्या जागी 'पाहायला मिळाली' येते. हाच बदल या लेखाचा गाभा असल्याने तो थोडा उलगडून पाहणे जरूर आहे.

'मी मुंज केली' या वाक्यात 'मी' कर्ता आहे. 'मला मुंज पाहायला मिळाली' या वाक्यात 'मला' चतुर्थीत गेला आहे, आणि क्रियापद 'मुंज' या शब्दाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते: मुंज मिळाली, लग्न मिळाले, सोहळे मिळाले. बोलणारा वाक्यात आहे खरा, परंतु क्रियापदावर त्याची सत्ता नाही. दक्षिण आशियातील भाषांच्या अभ्यासकांनी अशा नामास अनुभवक म्हटले आहे: जो करीत नाही, ज्याच्यापाशी काही येते तो. मराठीत भूक, तहान, झोप, राग, आठवण, ताप, सारे अशाच रीतीने माणसाकडे येतात. 'मला कर्करोग झाला' हे वाक्यही याच साच्याचे. आणि 'मला मुलगी झाली' हेही याच साच्याचे. रोग आणि अपत्य ही दोन्ही मराठी भाषेने एकाच विभक्तीच्या दारातून घरात घेतली आहेत. आपल्या हातात नसलेल्या गोष्टींची ही विभक्ती आहे एवढाच याचा अर्थ. त्याहून अधिक तात्त्विक अर्थ तिच्यातून काढण्याचा मोह टाळलेला बरा.

शक्यता सांगणाऱ्या मराठी रचनांतील सूक्ष्म भेदही येथे उपयोगी पडतात. 'मला मुंज पाहता आली' यात सामर्थ्य वा सोय आहे: रजा मिळाली, गाडी मिळाली, पाहता आली. 'पाहायला मिळाली' यात संधी बाहेरून येते. ती न येण्याचीही शक्यता होती हे वाक्यातच गृहीत असते. तिसरी रचना शक्य क्रियापदाची. उपचारांच्या दिवसांत घरात तिचेच राज्य असते: 'जेववत नाही', 'चालवत नाही', 'बसवत नाही'. 'पाहणे' या धातूचे शक्य रूप मात्र एका खास अर्थाला चिकटून बसले आहे. 'तिच्याकडे पाहवत नाही' हे वाक्य दृष्टीविषयी नसते, सहन होण्याविषयी असते. म्हणजे दुखण्याच्या काळात कुटुंबीय रुग्णाविषयी म्हणतात 'पाहवत नाही'. पुढे काही वर्षांनी तोच रुग्ण कुटुंबीयांविषयी म्हणतो 'पाहायला मिळाले'. धातू एकच, विभक्तीही एकच. पाहणारा व पाहिला जाणारा यांची मात्र अदलाबदल झालेली असते. मूल आईकडे पाहण्याचे टाळत होते; आता आई मुलाकडे डोळे भरून पाहते. हा आनंद कशाचा आहे हे सांगण्यास 'मात केली' हे वाक्य असमर्थ आहे.

'मात', 'झुंज', 'लढा' हे शब्द या क्षेत्रात कोठून आले याचा इतिहास अलीकडचा आहे. अमेरिकेत १९७१ साली निक्सन यांच्या कारकीर्दीत कर्करोगविषयक कायदा झाला आणि 'कर्करोगाविरुद्ध युद्ध' ही भाषा सर्वतोमुखी झाली. १९७८ मध्ये सूझन सोंटॅग या लेखिकेने, जिला स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला होता, या रूपकांवर कठोर टीका केली. पुढे इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात एलेना सेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण, त्यांचे शुश्रूषक व वैद्यकीय व्यावसायिक यांच्या भाषेचा तपशीलवार अभ्यास केला, तेव्हा चित्र इतके एकरंगी दिसले नाही. काही रुग्णांना युद्धाची भाषा बळ देते, काहींना अपराधी वाटावयास लावते. तीच गोष्ट प्रवासाच्या रूपकाची. हा निष्कर्ष समतोल आहे आणि तो मान्य करावयास हवा. ज्या रुग्णास 'मी लढलो' असे म्हणावेसे वाटते त्यास व्याकरण शिकविण्याचे काही कारण नाही.

तरी मराठीच्या बाबतीत एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. 'तिने कर्करोगावर मात केली' हे कर्मणी वाक्य आहे. 'ने' प्रत्ययाने श्रेय एका व्यक्तीला देऊन टाकले जाते. हेच वाक्य उलटे करून पाहिले की त्याचा खर्च कळतो. निधनवार्तेत आपण वाचतो, 'कर्करोगाशी त्यांची झुंज अपयशी ठरली'. म्हणजे गेलेला माणूस हरला. उलट 'तिला मुलीचे लग्न पाहायला मिळाले नाही' या वाक्यात दुःख पुरेपूर आहे, परंतु दोष कोणाचाच नाही. एकाच वाळ्यात दोन घरे असतात, एका घरची आई वाचलेली, दुसऱ्या घरची गेलेली. पहिल्या घरच्या मांडवात दुसऱ्या घरची मुले जेवावयास येतात. त्यांच्यासमोर उच्चारता येईल असे आनंदाचे वाक्य कोणते, हा प्रश्न ज्यांनी अशी पंगत पाहिली आहे त्यांना कृत्रिम वाटणार नाही.

याच ठिकाणी एका सार्वत्रिक समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. 'मुलाच्या अक्षता पडेपर्यंत जीव धरून राहिली' असे आपण म्हणतो. मरण काही दिवस इच्छाशक्तीने लांबविता येते, ही समजूत पाश्चात्त्य देशांतही आहे आणि तिची संख्याशास्त्रीय तपासणी झालेली आहे. डेव्हिड फिलिप्स यांनी १९८८ व १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ज्यू व चिनी समाजांतील सणांच्या आधी मृत्यू घटतात व नंतर वाढतात असे दिसले होते. परंतु डॉन यंग आणि एरिन हेड यांनी ओहायओ राज्यातील १९८९ ते २००० या काळातील, कर्करोगाने झालेल्या ३,०९,२२१ मृत्यूंची नोंद तपासून २००४ मध्ये असे दाखविले की नाताळ, थँक्सगिव्हिंग किंवा स्वतःचा वाढदिवस यांसाठी मृत्यू पुढे ढकलला गेल्याचा पुरावा त्यांत मिळत नाही. हा अभ्यास सणांचा व वाढदिवसांचा आहे, मुलामुलींच्या लग्नांचा नव्हे, हे खरे. तथापि 'जीव धरणे' हे कर्तृत्ववाचक क्रियापद वापरताना हात आखडता घ्यावा इतका बोध त्यातून होतो. कारण जी लग्नाच्या चार दिवस आधी गेली तिने जीव धरला नाही, असे कोणी म्हणू धजणार नाही. व्याकरण मात्र ते मुकाट्याने म्हणत असते.

प्रसंग पाहण्याची ही ओढ सर्वस्वी निर्दोष असते असेही नाही. 'डोळ्यांदेखत' या शब्दाकडे पाहा. 'देखणे' या धातूपासून झालेले हे शब्दयोगी अव्यय बहुधा आपत्तीचे सोबती असते: डोळ्यांदेखत घर जळते, डोळ्यांदेखत पीक वाहून जाते. पाहणारा असतो, पण हतबल असतो. दुखणाईत आईबापांच्या तोंडी हेच अव्यय इच्छेच्या वाक्यात येते: 'माझ्या डोळ्यांदेखत हिचे लग्न होऊ दे'. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात आढळतो. त्यामुळे निदानाच्या वेळी अनेक स्त्रियांची मुले शाळाकॉलेजांत असतात. अशा घरात या एका वाक्याने मुलीचे शिक्षण अर्ध्यावर थांबून तिचे लग्न उरकले जाते, आणि नंतर आई दहा-पंधरा वर्षे बरी राहते. आईला लग्न पाहायला मिळाले. मुलीची पदवी कोणालाच पाहायला मिळाली नाही. 'उरकणे' हे क्रियापद मराठीने अशा प्रसंगांसाठीच राखून ठेवले असावे असे कधीकधी वाटते.

याची दुसरी बाजू लपविण्याची. मुलीचे जमलेले लग्न मोडेल या धास्तीने आईचे दुखणे मांडवाबाहेर जाऊ दिले जात नाही. 'गाठ होती, काढली' एवढ्यावर भागविले जाते. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक जनुकदोषांमुळे होतात ही माहिती व्याह्यांपर्यंत पोचलेली नसते. मग ज्या दिवसाची सर्वांत अधिक वाट पाहिली, त्या दिवशी तो का महत्त्वाचा आहे हे उच्चारावयाची सोय राहत नाही. 'साजरा करणे' या शब्दप्रयोगातील 'साजरा' म्हणजे सुंदर, शोभिवंत. 'दुरून डोंगर साजरे' या म्हणीत तो अद्याप त्या अर्थाने टिकून आहे. पुष्कळ घरांतील हे सोहळे पाहुण्यांना नुसते साजरे दिसतात. त्यांच्या आत काय आहे हे दोघातिघांनाच ठाऊक असते.

विधींच्या तपशिलात मात्र दुखणे लपत नाही. ज्या घरांत मुंज होते तेथे मातृभोजनाचा विधी असतो. आई आणि बटू एका ताटात जेवतात, तेही अखेरचे. तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया व किरणोपचार झालेल्या स्त्रीचे तोंड पुरेसे उघडत नाही, लाळ कमी झालेली असते, तिखटाचा कण सोसत नाही, कोरडा घास उतरत नाही. मऊ वरणभात, तूप आणि शेजारी पाण्याचे भांडे, एवढ्यावर हा विधी पार पडतो. तो चुकला असे कोणी म्हणत नाही. लग्नाआधी चुडा भरण्याच्या वेळी अशीच एक अडचण येते. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातास सूज येण्याचा धोका पुढे कायम राहतो, आणि त्या हातात घट्ट बांगड्या घालू नयेत असा सल्ला दिला जातो. कासार हात दाबून बांगडी चढवितो तेव्हा वधूची आई एकच हात पुढे करते, किंवा दुसऱ्या हातासाठी दोन मापे मोठ्या, सैल बांगड्या मागते. सूनमुख पाहण्याच्या वेळी आरशात सुनेच्या चेहऱ्याबरोबर सासूचाही चेहरा येतो, आणि औषधांनी गेलेले केस परत येताना कुरळे आले आहेत हे तिला तेथे पुन्हा दिसते. 'अक्षता पडेपर्यंत मला उभे राहवले' असे सांगताना तिच्या बोलण्यात 'मिळाले' आणि शक्य क्रियापद ही दोन्ही व्याकरणे एकत्र येतात. एक प्रसंगाविषयी, दुसरे देहाविषयी.

कालगणनेचाही विचार येथेच करावा लागतो. वैद्यकशास्त्र निदानापासून मोजते, आणि पाच वर्षे हा तिचा रूढ टप्पा आहे. हा टप्पा संख्याशास्त्राच्या सोयीसाठी ठरलेला आहे. पाच वर्षे झाली म्हणजे रोग कायमचा गेला असा त्याचा अर्थ नव्हे. स्तनाच्या काही कर्करोगांत दहा वर्षांनंतरही रोग उलटतो, आणि म्हणूनच संप्रेरकांना अटकाव करणाऱ्या गोळ्या काहींना पाचऐवजी दहा वर्षे घ्याव्या लागतात. घरातील गणना वेगळी असते. 'दुखणे केव्हा झाले?' या प्रश्नाचे उत्तर 'धाकटी तिसरीत होती तेव्हा' असे येते. हे उत्तर अडाणीपणाचे समजून केसपेपरवर सन लिहिण्यासाठी पुन्हा विचारणा होते. वास्तविक ते पुरेसे नेमके असते. शिवाय त्यात आणखी एक माहिती असते, की त्या स्त्रीने तेव्हापासूनची वर्षे कोणत्या मापाने मोजली आहेत.

रुग्णांचे जीवनमान मोजण्यासाठी युरोपात तयार झालेली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते व तिचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे. तिच्यातील बहुतेक प्रश्न 'गेल्या आठवड्यात' या चौकटीत विचारलेले आहेत: भूक, झोप, वेदना, थकवा, कौटुंबिक जीवनात आलेला व्यत्यय. औषधांचे परिणाम मोजण्यास ही चौकट योग्यच आहे. परंतु ज्या आईचे सारे लक्ष येत्या मार्चच्या परीक्षेकडे लागले आहे तिचे जीवनमान गेल्या आठवड्यात सापडत नाही. येथे भाषांतरकाराचा दोष नाही. मुळातच पुढे पाहणारा प्रश्न नाही. आमच्या विभागातील जे विद्यार्थी वैद्यकीय प्रश्नावल्यांच्या भाषांतराकडे वळत आहेत त्यांनी शब्दांच्या अचूकतेबरोबर काळांचीही तपासणी करावी, असे सुचवावेसे वाटते.

पुढचा काळ या मंडळींच्या बोलण्यात सरळ येत नाही, ही शेवटची नोंद. 'मी पुढच्या वर्षी मुलाला बारावीत पाहीन' असे वाक्य सहसा ऐकू येत नाही. 'जगले वाचले तर' अशी अट आधी घालतात, किंवा स्वतःला वाक्यातून पूर्णपणे काढून घेतात: 'पुढच्या वर्षी मुलाची बारावी आहे'. वर्तमानकाळ, प्रसंग हाच कर्ता, आणि बोलणारीचा उल्लेख नाही. फेरतपासणीची तारीख देणारा लिपिक हे वाक्य ऐकतो, त्याला ते तारीख टाळण्याचे निमित्त वाटते, आणि 'परीक्षा मुलाची आहे, तुमची नाही' असे तो म्हणतो. ती पुन्हा तेच वाक्य सांगते, आणि तारीख एप्रिलात मागते.